युकेलेच्या मिनाराच्या पायऱ्या

चहा घ्या, गार होतो आहे. आमच्या मशिदीचा इतिहास लिहून घेण्यासाठी आपण इतक्या लांबून आलात, तेव्हा तो मी क्रमाने सांगेन. मात्र एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करतो. जे मी मोजले ते मोजले म्हणून सांगेन, जे ऐकले ते ऐकले म्हणून सांगेन, आणि जे मला उमगले नाही ते उमगल्याचा आव आणणार नाही. मी शाळेत चारच वर्षे गेलो. पुढचे शिक्षण गावच्या वाचनालयाने केले, आणि त्यातील प्रत्येक पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले आहे, शुद्धिपत्रासह.

एकोणीसशे नव्वदच्या फेब्रुवारीत मशीद युकेले गावाला परत मिळाली. मधल्या साठ वर्षांत ती सरकारच्या ताब्यात, आधी धान्याचे कोठार होती, नंतर शाळा, आणि अखेरीस सिनेमा दाखवण्याचे सभागृह. इमारत पाइनच्या ओंडक्यांची. ओंडक्यांच्या फटींत शेवाळ ठासलेले, त्यामुळे वारा आत येत नाही. उत्तरेकडून प्रवेश, मग एकामागे एक दोन दालने, आणि दक्षिणेच्या भिंतीत नमाजची दिशा दाखवणाऱ्या मेहराबचा पाच बाजूंचा फुगवटा. आम्हा तातारांच्या जुन्या मशिदींत मिनार अंगणात वेगळा उभा नसतो. तो छपराच्या मध्यातून, जणू घरातूनच उगवल्यासारखा, वर निघतो. दोन दालनांच्या मधल्या भिंतीत एक बुटके दार असते. त्या दारातून जिना सुरू होतो आणि ओकच्या एका खांबाभोवती फिरत फिरत माळ्यातून, छपरातून, वरच्या सज्जापर्यंत जातो.

आमच्या मशिदीला तो मिनार उरला नव्हता. सन तीसच्या शरद ऋतूत तो करवतीने कापून दोरांनी खाली ओढला, आणि छपराला जे भोक पडले त्यावर पत्रा ठोकला. मिनाराच्या लाकडांचे सरपण केले होते म्हणतात. पण त्या हिवाळ्यात ते जाळायला गावात एकही चूल तयार झाली नाही. शेवटी ते पावसात कुजले.

आता गावाने ठरवले की मिनार पुन्हा उभारायचा, आणि होता तसाच. होता तसा म्हणजे कसा, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. छायाचित्र एकही नव्हते. म्हाताऱ्यांपैकी एक म्हणे, पोपलरच्या झाडाएवढा उंच होता. दुसरा म्हणे, छे, बर्चएवढा. काम हाबिर सुताराकडे होते. तो पन्नाशीचा, हाताने अत्यंत काटेकोर आणि तोंडाने तितकाच सैल.

"गिल्मेत्दिन-अबी," तो मला थोरला भाऊ मानून म्हणाला, "मिनार काय, मी दहा हातांचा करीन, नाहीतर वीस हातांचा करीन. तुम्ही एवढी पुस्तकं खाल्लीत. एखाद्यात नाही का लिहिलेलं?"

"नाही. म्हणूनच मोजायला जातो आहे."

"जे नाही ते मोजणार?"

"जे उरले आहे त्यावरून जे नाही ते काढता येते. त्याला भूमिती म्हणतात."

"आमच्यात त्याला थापा म्हणतात," हाबिर हसून म्हणाला, आणि त्याने स्वतःची मापाची टेप माझ्या हातात ठेवली.

मला तेथे जाण्याचे आणखी एक कारण होते, ते हाबिरला ठाऊक होते आणि तो त्यावर कधी विनोद करीत नसे. आमचे वडील या मशिदीचे मुअज्जिन, म्हणजे अजान देणारे, होते. आम्ही त्यांना एती म्हणत असू. 'म्हणत असू' हे मी बहिणीच्या भरवशावर सांगतो, कारण तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि मला त्यांचा चेहरा आठवत नाही, आवाजही आठवत नाही. मिनार पाडला त्या दिवसापासून ते कोणाच्याही दृष्टीस पडले नाहीत. कोणी म्हणत, त्यांना धरून नेले. कोणी म्हणत, ते तुर्कस्तानकडे पळाले. प्रेत नव्हते, कबर नव्हती. आमच्यात माणूस गेला की तिसऱ्या, सातव्या आणि चाळिसाव्या दिवशी लोकांना जेवू घालून त्याच्या नावाने कुराण वाचतात. आमच्या आईने, बिबिसाराने, ते कधीच वाचू दिले नाही. जिवंत माणसाच्या नावाने कुराण वाचून त्याची परतीची वाट कशाला बंद करायची, असे ती म्हणे. आई गेली, तिच्यामागे माझ्या थोरल्या बहिणीने, फर्हिनूर-आपाने, तोच हट्ट धरला.

त्या हिवाळ्यात आपाच्या हृदयविकाराने उचल खाल्ली होती. एकाहत्तर वर्षांची आपा दोन पावले चालली की भिंतीला टेकत असे. एकदा तिने भिंतीला टेकूनच मला सांगितले, "मी जाण्याआधी हे एकदाचं ठरायला हवं रे. एती गेलेत की आहेत... मला तसंच नको जायला."

मी तिला शब्द दिला नाही. जे हातात नाही त्याचा शब्द मी देत नाही.

मी मशिदीत गेलो तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते. बाहेर बर्फावर इतके लख्ख ऊन होते की आत शिरल्यावर काही क्षण मला काहीच दिसेना. सिनेमाच्या खुर्च्या काढून टाकल्या होत्या, जमिनीत त्यांच्या खिळ्यांची भोके राहिली होती. बुटके दार फुगून बसले होते. खांदा लावला तेव्हा उघडले. मी ते आतून लोटून घेतले, कारण मागून गार वारा येत होता, आणि कंदील घेऊन चढू लागलो. पायऱ्या अरुंद होत्या. माझे दोन्ही खांदे एकाच वेळी भिंतींना लागत. आत जुन्या राय धान्याचा, उंदरांचा आणि साठ वर्षे उन्हात तापून थंडीत आकसलेल्या लाकडाचा वास कोंडला होता.

चौदा पायऱ्या उरल्या होत्या. चौदावी जेथे संपत होती तेथे ओकचा मधला खांब सपाट कापलेला होता. करवतीच्या दात्यांच्या रेषा मी बोटाने चाचपल्या. त्याच्यावर हातभर पोकळी, आणि मग पत्रा. प्रत्येक पायरीची उंची बावीस सेंटिमीटर भरली. मी चौदाव्या पायरीवर बसलो आणि वहीत ते लिहिले. वर किती पायऱ्या होत्या, याला माझ्याकडे कोणतीही भूमिती नव्हती.

तेवढ्यात खालून पावले येऊ लागली.

मला वाटले, हाबिर आला. मी हाक मारणार होतो. परंतु लोटलेले दार कुरकुरले नव्हते, हे त्याच क्षणी माझ्या लक्षात आले. हाबिरच्या बुटांना टाचा आहेत. या पावलांना टाच नव्हती. मऊ चामड्याचा तळवा लाकडावर टेकावा आणि उचलला जावा, असा तो आवाज होता. सवयीच्या माणसाचा, ज्याला पायरीकडे पाहावे लागत नाही अशा माणसाचा. तिसरी. चौथी. जिना वळणाचा, त्यामुळे मला खालच्या चार पायऱ्यांपलीकडचे दिसत नव्हते. नववी. दहावी ही दिसणाऱ्या पायऱ्यांपैकी पहिली होती. तिच्यावर पाऊल पडले, आणि मला पायरी दिसली, कंदिलाचा उजेड दिसला, दुसरे काहीही दिसले नाही.

जिन्यात दोन माणसांना एकमेकांशेजारून जाण्याइतकी जागा नाही. मी भिंतीला चिकटलो, याचे मला आजही नवल वाटते; जणू वडीलधाऱ्याला वाट द्यावी. हंसाच्या चरबीचा वास आला; जुनी माणसे चामडे मऊ राहावे म्हणून ती चोळत. मी बसलो होतो ती फळी किंचित दबली आणि पुन्हा वर आली.

पावले थांबली नाहीत. चौदाव्या पायरीच्या पुढे पायरी नव्हती, तरी पुढचे पाऊल पडले. त्याच्या पुढचेही. पत्र्यावर पडले असते तर पत्रा वाजला असता. पत्रा वाजला नाही. पाऊल लाकडावर पडत होते. ते छपराच्या वर गेले, तेथे उघड्या आकाशाखेरीज काही नाही हे मला माहीत होते, आणि तेथेही ते त्याच ठेक्यात, खांबाभोवती फिरत, वर वर जात राहिले. मी मोजत होतो. भीती वाटत नव्हती असे नाही. पण मोजायला आलेला माणूस मोजतोच.

तेवीस.

मग शांतता. मी उतरत्या पावलांची वाट पाहिली. कंदिलातील तेल संपेपर्यंत पाहिली. कोणी उतरले नाही.

घरी आलो तेव्हा आपा खिडकीपाशी लोकर विंचरत होती.

"एवढा पांढरा का पडलास? उंदीर बघितलास?"

"आपा, एती जिना चढताना पायात काय घालत?"

तिच्या हातातली फणी थांबली. "का?"

"मी पावले ऐकली. टाच नसलेली."

"किती?" तिने विचारले. कोणाची, असे विचारले नाही.

"मी बसलो होतो त्याच्या वर तेवीस. खालच्या चौदा धरून सदतीस."

"सदतीसच," आपा म्हणाली. "मी रोज दाराशी उभी राहून मोजायचे."

"साठ वर्षे तुला हा आकडा ठाऊक आहे, आणि गाव पोपलर आणि बर्च करीत बसले आहे! मला का नाही सांगितलेस?"

"तू विचारलंस कधी? तू फक्त पुस्तकांना विचारतोस." मग तिचा आवाज उतरला. "आणि... उतरताना?"

"उतरली नाहीत."

आपाने फणी लोकरीत खोचली. मग भिंतीला धरून उठली, माझा आधार तिने घेतला नाही, आणि तिच्या लग्नाच्या पेटीतून, सगळ्यात खालून, टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू काढून तिने माझ्यापुढे ठेवली. रबरी जोडे होते. पुरुषाचे. बाहेरून काळे, आतून लाल अस्तर. ते लाल अजूनही फिके पडले नव्हते.

"एती पायात चामडी मोजे घालायचे, त्यांच्यावर हे," ती म्हणाली. "जिन्याच्या दाराशी काढून वर जायचे. सगळ्या गावाला ठाऊक होतं. जोडे दाराशी असले की मुअज्जिन वर आहे. मग त्याला हाक मारायची नाही. वर माणूस दुआ करत असतो, हाक कशी मारणार? नुसतं उंबऱ्याकडे बघायचं."

"हे मला माहीत आहे, आपा."

"त्या दिवशीचं माहीत नाही तुला." ती खाली बसली. "बाहेरची सहा माणसं आली होती, करवती आणि दोर घेऊन. आपल्या गावातला एक हात लागला नाही करवतीला. शाहिमर्दान-बाबा, तेव्हाचे गावचे म्हातारे, ते त्यांच्या आडवे गेले. म्हणाले, आमच्या माणसाला शेवटची अजान देऊ द्या, खाली उतरू द्या, मग तुमचं काय ते करा. ती माणसं कबूल झाली. एती वर गेले. अजान झाली. मग ते वरच थांबले, दुआ करत... खूप वेळ. मी दाराशी. जोडे नवे होते रे. त्या सहातला एकजण सारखा जोड्यांकडे बघत होता. मला वाटलं, मिनार तर जाणारच आहे, जोडे तरी वाचवू. उचलले, ओढणीखाली धरले आणि घरी पळाले."

मी जोड्यांच्या लाल अस्तराकडे पाहत राहिलो.

"परत पोचले तेव्हा मिनार कलला होता. नंतर शाहिमर्दान-बाबा आईपुढे बसून रडले. म्हणाले, उंबऱ्यावर जोडे नव्हते बिबिसारा, मी स्वतः बघितलं, म्हणून मी करवत चालवा म्हणालो. आई म्हणाली, जोडे नव्हते ना, मग उतरलेच असणार ते. लाकडं उपसली तेव्हा खाली खरंच कोणी नव्हतं. मग मीही म्हटलं, उतरले असतील." तिने जोड्यांच्या सुरकुतीतली धूळ नखाने साफ केली. "आई मरेपर्यंत वाट बघत राहिली, ती एवढ्यावर. आणि जोडे या पेटीत."

अकरा वर्षांच्या मुलीला रागावण्याचा अधिकार मला नव्हता, आणि एकाहत्तर वर्षांच्या बहिणीला रागावण्याचे धैर्य नव्हते. मी चहा केला, दूध घातले, तिच्या हातात पेला दिला. दोघांनीही तो प्यायला नाही.

दुसऱ्या दिवशी मी हाबिरला सदतीस हा आकडा दिला.

"कुठल्या पुस्तकात सापडला?"

"पुस्तकात नाही. साक्षीदाराकडून."

त्याने सदतीसला बावीसने गुणले, भिंतीवर कोळशाने आकृती काढली, डोके वाकडे करून पाहिली आणि म्हणाला, "बसतंय. छपराला शोभेल असंच बसतंय. थापा दिसत नाहीत या." उन्हाळ्यात काम सुरू झाले. नवा खांब जुन्याच्या तोंडाशी खाचेत बसवला, त्याच्याभोवती पायरी चढू लागली. पहिल्याच आठवड्यात हाबिरने एक नियम केला: बारा ते एक काम बंद.

"तू तर जेवणाची सुट्टी आयुष्यात घेतली नाहीस," मी म्हणालो.

"वय झालं, अबी." तो हातोड्याचा दांडा पुसत राहिला. "आणि जिना अरुंद आहे. कोणाला वर जायचं असेल तर जाऊ द्यावं. मधे कशाला यायचं." मग पुन्हा हसण्याचा प्रयत्न करीत म्हणाला, "माझ्या पायऱ्या अकरा झाल्यात, पण जाणारा बाराव्या पायरीवरही पाय ठेवतो. एवढा विश्वास माझ्या बायकोनंसुद्धा कधी टाकला नाही माझ्यावर."

गावाने बुखाऱ्यात शिकलेला एक सव्वीस वर्षांचा तरुण इमाम म्हणून आणला होता, इल्गिझ नावाचा. अजानही तोच देणार होता. माझ्या नातवाच्या वयाच्या त्या मुलाला सगळे गाव 'हजरत' म्हणे आणि तो दर वेळी लाजे. मी त्याला घरी बोलावले. आपाने त्याच्यासमोर बटाट्या-मांसाचे तिकोने ठेवले आणि सरळ प्रश्न विचारला.

"साठ वर्षं झाली, आपा," इल्गिझ म्हणाला. "कायद्यानं ते गेलेच. शंका नको. या शुक्रवारी कुराण वाचू, मी स्वतः वाचीन."

"कायद्यानं गेले असतील, हजरत. जिन्यावरून उतरले नाहीत."

इल्गिझने माझ्याकडे पाहिले. मी तिकोना त्याच्यापुढे सरकवला.

"ते उतरले की वाचा," आपा म्हणाली. "त्याआधी त्यांचं नाव घेऊन कोणी ओंजळ उचलायची नाही. खा आता. हाडं दिसतायत तुमची."

ऑक्टोबरच्या अखेरीस मिनार उभा राहिला. आठ बाजूंचा, हिरव्या टोपीचा, वर चंद्रकोर. ज्यांनी पोपलर म्हटले होते ते म्हणाले, बघा, आम्ही सांगत होतो. बर्चवालेही तेच म्हणाले. पहिली अजान दुपारच्या नमाजची ठरली. आकाश खाली आले होते, बर्फ पडेल पडेल असे वाटत होते, आणि आजूबाजूच्या चार गावांतली माणसे अंगणात उभी होती. आपाला मी घोडागाडीतून आणले. बाहेरच्या दालनात, जिन्याच्या दारासमोर, हाबिरने तिच्यासाठी मुद्दाम एक बाक करून ठेवला होता, रंधा नुकताच मारलेला, राळेच्या वासाचा.

इल्गिझ बूट काढून वर गेला. मी त्याची पावले मोजली नाहीत. बूट नसूनही त्याच्या टाचा जोरात आपटत होत्या. मग अजान झाली. साठ वर्षांनी. शेजारी उभा असलेला हाबिर तोंडावर टोपी दाबून रडला. मला मात्र एकच विचार येत होता: हा आवाज चांगला आहे, परंतु ज्या आवाजासाठी मी चौसष्ट वर्षांचा झालो तो हा नव्हे.

इल्गिझ उतरला, बूट उचलून आत गेला, आणि सर्व माणसे त्याच्यामागे आतल्या दालनात रांगा धरून उभी राहिली. आपाला ऊठबस झेपणार नव्हती, म्हणून मी तिच्यापाशी थांबलो. दालनाचे दार लोटले गेले. आपाने मांडीवरचा टॉवेल सोडला. खाली वाकणे तिला जमेना. मी हात पुढे केला तसा तिने तो बाजूला सारला. गुडघ्यांवर बसून तिने ते जोडे जिन्याच्या उंबऱ्यावर ठेवले, टाचा जिन्याकडे, चवडे बाहेरच्या बाजूला, म्हणजे उतरणाऱ्याला सरळ पाय घालता यावा. मग धापा टाकीत बाकावर बसली.

"आता बघ," ती म्हणाली. कोणाला, ते मला कळले नाही.

आत नमाज सुरू झाली. रांगा वाकल्याचा, टेकल्याचा, उठल्याचा तो शांत, सामूहिक आवाज येत होता. त्या आवाजाखाली, फार उंचावर, लाकडावर मऊ चामड्याचा एक पाय टेकला.

मग दुसरा. ठेका तोच होता, पण दिशा वेगळी होती. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाहून जवळ येत होते. आपाने डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते, आणि मला कळले की आम्ही दोघे एकत्र मोजत आहोत. वीस. एकवीस. बावीस.

तेविसाव्या पावलानंतर आवाज थांबला.

मला जागा ठाऊक होती. तेथेच जुना खांब संपतो आणि नवा सुरू होतो. तेथेच करवत चालली होती. मी श्वास धरला. आतल्या रांगा वाकल्या, उठल्या, पुन्हा वाकल्या. वरून काहीच आले नाही. अंधाऱ्या जिन्यातून गार हवेचा एक झोत आला आणि त्यात लाकडाच्या ओल्या भुशाचा वास होता. जिन्यातली हाबिरची करवत दोन महिन्यांपूर्वीच थांबली होती.

"एती," आपा म्हणाली. अगदी हळू, हाक नव्हे, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावे तशी. "पुढं पायरी आहे... घाबरू नका. हाबिरनं जोडलीय. चांगला सुतार आहे तो."

किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. माझे घड्याळ खिशात होते आणि ते पाहण्याचे मला सुचले नाही.

मग पाऊल पडले. सावकाश, चाचपत. त्याच्यानंतरचे जरा निश्चिंत. चौदा पायऱ्या. शेवटच्या वळणावरची पायरी माझ्या डोळ्यांसमोर होती. तिच्यावर कोणी नव्हते आणि ती कुरकुरली. उंबऱ्यापाशी रबर ताणल्याचा बारीक आवाज दोन वेळा झाला. मी जोड्यांकडे पाहिले नाही. मी आपाकडे पाहत होतो.

तिने डोळे उघडले होते. ती बाकावर थोडे सरकली, जागा करून दिली, आणि ओढणी नीट केली, जशी मुलगी वडील घरात आल्यावर करते. तिच्या पलीकडच्या बाजूला बाकाची ओली फळी वाकली.

दालनातली नमाज संपली असावी, कारण आवाज थांबला होता. तरी दार उघडून कोणीही बाहेर येत नव्हते. आपा मान किंचित कलती करून ऐकत होती. मध्येच 'हो' म्हणाली. मध्येच 'नाही, थंडी नाही वाजत' म्हणाली. मी कान दिला, आयुष्यभरात दिला नव्हता तितका दिला. मला तिच्याच श्वासाची घरघर ऐकू येत होती, दुसरे यत्किंचितही नाही.

"आपा..." मी म्हणालो. "काय म्हणतात?"

तिने माझ्याकडे वळून पाहिले. माझ्या पांढऱ्या दाढीकडे, काठीकडे पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू जागच्या जागी थिजला.

"विचारतायत, हे म्हातारे गृहस्थ कोण," ती कुजबुजली. "आणि विचारतायत... तू इथं, मग धाकट्याला कोणाजवळ ठेवून आलीस?"